शहाबादी

मे महिन्यात दुपारी दोन वाजता
आमच्या घरात खाटेवर कुणी झोपत नाही.
आई कपडे विसळलेलं पाणी जपून ठेवते,
ते फरशीवर ओतते, खराट्यानं मोरीपर्यंत ढकलते,
आणि राखाडी फरशी घटकाभर काळीभोर होते,
तळ्यातून वर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखी.

तेवढ्यातच दिसतात त्या रेघा.
बारीक, वाकड्या, एकीला लागून एक.
ओल सुकली की फरशी पुन्हा मुकी.

बाबा हीच फरशी कापायचे,
अक्कलकोट रोडला, चन्नप्पाच्या वखारीत.
भीमेच्या पलीकडून ट्रक यायचे.
पातं दगडात शिरलं की म्हणायचे,
"वास घे बघ. ह्यात पाणी मेलंय कधीतरी."
समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.
पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात
माणूस पिंप बघतो, समुद्र कशाला बघेल?
रात्री जेवताना त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या.

पुढं मी कॉलेजात दगड शिकले.
घरातली एकेक फरशी भिंग घेऊन तपासली,
रांगत, ओचा खोचून, शिंपला शोधत.
उपळेकर बाई हसल्या.
"शिंपला कसा सापडेल गं?
तेव्हा तो कुणाला सुचलाच नव्हता."

साठ-सत्तर कोटी वर्षं. जास्तच असतील.
हाड नव्हतं. काटा नव्हता. डोळा नव्हता,
म्हणजे एवढा समुद्र, आणि तो कुणीच पाहिलेला नाही.
उथळ कोमट पाण्यात नुसती एक बुळबुळ,
मोरीच्या कडेला धरते तशी हिरवी.
ती ऊन खायची, पाण्यातली हवा ओढायची,
आणि पाण्याच्या हातून चुना सुटायचा,
दळणापेक्षा बारीक, दिवसरात्र खाली.
अंगावर गाळ बसला की
ती त्यातून वाट काढून वर यायची.
पुन्हा गाळ. पुन्हा वर.
कुठं कुठं त्याचे उंचवटे झाले,
भाकरीवर भाकरी रचावी तसे,
बाकी सगळा तळ सपाट,
लाटेनं सहज बोट फिरवलेला.
तिला काही बांधायचं नव्हतं.
तिला उजेड हवा होता फक्त.

सोलापूरचा आपला काळा दगड फार नंतरचा,
आगीतून आलेला, तापट.
त्याच्या पायावर आमची भिंत उभी आहे.
झोपतो मात्र आम्ही पाण्याच्या दगडावर.

गेल्या उन्हाळ्यात भाचीनं, तुंगानं,
सरबताचा पेला लवंडला.
आई ओरडली, "लिंबू! डाग पडतोय बे, पूस!"
मी पुसलं नाही.
गाल टेकवून कान लावला.
फस्स... इतकं हळू,
की विडीचं पान दुमडल्याचा आवाज त्याहून मोठा.
बुडबुडे आले, फुटले.
कधीतरी त्या हिरव्या अंगाशेजारी
पाण्यात विरघळलेली हवा,
अडकली होती ती इतका वेळ,
माझ्या कानाशी सुटली
आणि पंख्याच्या वाऱ्यात गेली.

डाग अजून आहे. पैशाएवढा, पांढरट.

आईची हाडं आता विरत चाललीत.
चाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन
हजार विड्यांचा हिशोब ह्याच फरशीवर बसून केला.
डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, जाड, खडूसारख्या.
पाकिटामागचं मी वाचलं
आणि तिला काही सांगितलं नाही.
समुद्रानं टाकलेलंच ते,
ती रोज रात्री घोटभर पाण्याबरोबर गिळते
आणि तोंड वाकडं करते.

आत्ता ती झोपलीय, उशीशिवाय, कुशीवर,
कोपर ओल्या रेघांवर.
ओल कडेकडेनं सुकत तिच्यापर्यंत आलीय.
मला वाटतं झोप लागली,
तर डोळे मिटूनच म्हणते,
"उद्या नळ आहे. पिंपं घासून ठेव."